बी. ए.ची निकाली कुस्ती

मी इंग्रजी वाङ्मय घेऊन बी. ए. झालो असं कळलं की लोकांना वाटतं, या माणसाला लहानपणापासून काव्याची ओढ असणार. त्यांचा समज दूर करणं माझ्या जिवावर येतं, म्हणून मी बहुधा गप्प बसतो. खरं असं आहे की इंग्रजी वाङ्मय मी निवडलंच नाही. ते माझ्या वडिलांनी निवडलं, आणि ते पैलवान होते.

आबांना अक्षरओळख नव्हती. नेसरीला आमची बेताची शेती. तरुणपणी ते कोल्हापूरच्या तालमीत होते आणि दरबारचा खुराक खात होते. महाराज गादीवर येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा भरल्या मैदानात आबांनी एक मोठी कुस्ती मारली, दरबारातून फेटा मिळवला, आणि पुढच्याच साली गुडघा मोडून गावी परतले. त्या एका कुस्तीवर आमच्या घराण्याची सगळी प्रतिष्ठा उभी होती. फेटा ट्रंकेत कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेला असे. दसऱ्याला बाहेर निघे, त्याला हळदकुंकू लागे, परत आत जाई. आबांच्या डोक्यावर तो मी कधीच पाहिला नाही. का बांधत नाही म्हणून विचारलं तर आई दटावायची, "त्यो देवाचा हाय. हात लावू नगंस."

कुस्तीत कोण पडलं हे पाठीवरून ठरतं. दोन्ही खांद्यांच्या पात्यांना माती लागली की माणूस पडला. एकाला लागली तर कुस्ती चालू. हा नियम आबांनी तालमीतून घरी आणला होता. मी शाळेतून आलो की ते मला आधी पाठमोरा करत आणि सदरा बघत. माझं गणित कच्चं होतं आणि भूगोल त्याहून कच्चा, पण पाठ स्वच्छ असली की आबा खूष. अशा कडक परीक्षकाच्या हाताखाली माझं प्राथमिक शिक्षण झालं.

महाराजांनी आमच्यासारख्यांच्या पोरांसाठी कोल्हापुरात वसतिगृह काढलं, आणि त्यात माझी वर्णी लागली. मॅट्रिक झालो, इंटर झालो, आणि बी. ए.ला कुठला विषय घ्यायचा हे ठरवायची वेळ आली. मला इतिहास घ्यायचा होता, कारण त्यात निदान लढाया होत्या. पण विषय ठरवायला आबा जातीनं कोल्हापूरला आले. काठी टेकत कॉलेजच्या कचेरीत शिरले आणि कारकुनाच्या मेजासमोर उभे राहिले.

"काय पाहुणे, काय काम काढलंत?" कारकुनानं विचारलं.

"पोराला बीए करायचाय. हितं सगळ्यात दांडगा इषय कंचा?"

"दांडगा म्हणजे?"

"म्हंजे ज्येच्यासंगं भलंभलं पडत्यात, असा."

कारकुनाला करमणूक हवीच होती. त्यानं पान गालात सारलं. "मग इंग्रजी वाङ्मय. साहेबाच्या घरचंच ते. गेल्या साली भलेभले आडवे झाले त्यात."

आडवे झाले हे ऐकून आबांचा चेहरा खुलला. "मग त्योच ल्ह्या. वाळक्या गड्याला पाडून काय करायचंय?"

अशा रीतीनं माझी वाङ्मयीन आवड निश्चित झाली. मी सही केली. कारकुनानं शाई टिपली आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की आजही तो मला जिथं भेटेल तिथं मी त्याच्याशी भांडेन.

विषय ठरल्यावर तयारी आली. तयारी म्हणजे पुस्तकं, असा माझा गैरसमज होता. आबांच्या मते तयारी म्हणजे खुराक. दर महिन्याला गावाकडून तुपाचा डबा यायचा, बदाम यायचे, आणि निरोप यायचा की मेहनत चुकवू नकोस. शिवाय माझ्यावर देखरेखीला त्यांनी एक माणूस नेमला. हे चाचा. पेठेत त्यांचं पिंजाऱ्याचं दुकान होतं. दिवसभर कापूस पिंजायचे आणि गाद्या भरायचे. आता गंमत अशी की हेच ते पैलवान, ज्यांना पाडून आबांनी तो फेटा मिळवला होता. ज्याला पाडलं त्याच्याच हवाली पोरगं करायचं, हा कसला हिशेब म्हणून मी एकदा विचारलं. आबा म्हणाले, "त्येच्यासारखा सरळ माणूस कोल्हापुरात न्हाय." एवढंच. चाचांनाही त्या कुस्तीचं विचारून बघितलं. ते म्हणाले, "तूप खाल्लंस का आज?"

कॉलेजात आमचे साहेब प्रोफेसर काळा झगा घालून येत आणि डोळे मिटून कविता वाचत. त्यांचे डोळे मिटले की आमचेही मिटत. त्या कवितांमध्ये बर्फ फार होता. आम्हाला गारा ठाऊक होत्या, आणि त्यांच्यावर कुणी कविता करावी असं नेसरीत कुणाला वाटलं नव्हतं, कारण गारा पडल्या की शाळूचं उभं पीक झोपतं. साहेब म्हणत, हे अनुभवलं पाहिजे. आम्ही मान डोलवायचो आणि अनुभव वहीत उतरवून घ्यायचो. खरं शिक्षण वेगळीकडेच चालत असे. मागच्या वर्षांच्या मुलांनी लिहून ठेवलेल्या नोट्स हातोहात फिरत, आणि आम्ही त्या घोकत असू. पहाटे पलीकडच्या तालमीत पोरं जोर काढायची, आणि त्याच तालावर आमच्या खोलीत कवीच्या मनाची तरलता पाठ व्हायची. कविता मुळातून वाचणारा एक मुलगा होता. तो आम्हाला जरा आढ्यताखोर वाटे.

आबा अधूनमधून येऊन मेहनत तपासत. वसतिगृहाच्या पायरीवर बसून म्हणायचे, "म्हण बघू." मी एका दमात दोन पानं म्हणून दाखवायचो. त्यांना अक्षर कळत नसे, पण दम कुठं तुटला ते बरोबर कळे.

"ह्यो कवी अंगानं कसा हाय?" एकदा त्यांनी विचारलं.

"तो मेला, आबा. शंभर वर्षं झाली."

"मग मेलेल्या माणसाला भ्यायचं कशाला?"

मी पुढचं पान म्हणायला घेतलं.

परीक्षा मुंबईला. मी आगगाडीनं गेलो, समुद्र बघितला, आणि एका थोरल्या दालनात ओळीनं मांडलेल्या मेजांपैकी एकावर बसून पेपर लिहिले. वाङ्मयाच्या पेपरात एक अडचण आली. प्रश्न ज्या कवितेवर होता तिच्या नोट्स माझ्याजवळ नव्हत्या. मग ज्या कवितेच्या होत्या तिच्यावर लिहिलं. सगळं लिहिलं, स्वल्पविरामासकट, दम न तोडता. बाहेर आलो तेव्हा मला फार हलकं वाटत होतं.

कोल्हापूरला उतरलो, बैलगाडीनं दोन मुक्काम करत नेसरीच्या वेशीशी पोचलो, तर वेशीत हलगी वाजत होती. मला वाटलं कुणाचं लग्न आहे. माणसं गाडीकडे धावली, मला खाली ओढलं आणि कपाळावर गुलाल थापला. आई निरांजन घेऊन उभी होती. आणि गर्दीतून आबा आले, हातात तो दरबारचा फेटा.

त्यांची चूक त्यांच्या दृष्टीनं चूक नव्हतीच. मैदानातून माणूस आपल्या पायांनी परत आला, पाठीला माती नाही, म्हणजे जिंकला. कुस्ती झाल्यावर निकाल लागायला दोन-दोन महिने लागतात, असं त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांनी मला भर वेशीत पाठमोरा केला, कोट निरखला आणि फेटा बांधायला घेतला. बांधता बांधता म्हणाले, "ह्येला आज धनी मिळाला." त्यांचे डोळे भरले होते.

आबा, निकाल अजून लागायचा आहे, एवढं वाक्य मला म्हणायचं होतं. इंग्रजी वाङ्मयाचा दोन वर्षं अभ्यास केलेल्या माणसाला मराठीतलं एक सोपं वाक्य जमलं नाही. हलगी जोरात होती, असं मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत असे. हलगी मधे दोनदा थांबली होती.

त्या दिवसापासून गावात माझं नाव बीए पडलं. बीए उठला का, बीए जेवला का, बीएला बोलवा. कोर्टाचा कागद आला की माझ्याकडे. म्हैस पान्हवेना झाली की तीही माझ्याकडे, कारण एवढा शिकलेला माणूस म्हशीचं काहीतरी सांगेलच. मी सांगत होतो. आबा चावडीवर जाऊन बसू लागले होते, पाटलाच्या शेजारी. आधी ते लांब, खांबाशी बसत. हे मला रोज दिसत होतं. मनातल्या मनात मी त्या पेपरातले गुण मोजायचो, आणि रोज बेरीज कमी भरायची.

निकालाच्या सुमाराला काहीतरी निमित्त काढून मी कोल्हापूरला गेलो. कॉलेजच्या भिंतीवर यादी लावली होती. वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. मी तिसऱ्या वर्गात नव्हतो आणि त्याच्या खाली वर्गच नव्हता. कविता मुळातून वाचणारा आढ्यताखोर वरच्या बाजूला होता. कचेरीतला कारकून दारात उभा राहून म्हणाला, "काय पैलवान?" मी त्याच्या समोरून मान खाली घालून बाहेर पडलो, हे मला अजून टोचतं.

गावी जायचं तोंड नव्हतं. मी चाचांच्या दुकानात जाऊन बसलो आणि बसूनच राहिलो. पहिल्या दिवशी नापास झाल्याचं त्यांना सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि पिंजत राहिले. पिंजणाच्या तारेचा तुंइंग तुंइंग आवाज, आणि अंगावर, भाकरीवर, पुस्तकावर कापूस. असे पंधरा-वीस दिवस गेले. पुन्हा परीक्षेला बसायचं तर अभ्यास हवा, म्हणून मी पुस्तक उघडून बसायचो आणि जुन्या सवयीनं ओठ हलवायचो.

एके दिवशी दुपारी चाचांनी तार थांबवली. "रोज पुटपुटतोस. काय म्हणतोय त्यो माणूस?"

नोट्समध्ये त्या कवितेबद्दल दीड पान होतं. मी ते मराठीत सांगू लागलो, आणि तरलता, उदात्तता झाल्यावर अडखळलो. मग पुस्तक जवळ ओढून कविता वाचली. दोन वर्षांत पहिल्यांदा, खरोखर वाचली. "एक माणूस आहे," मी म्हटलं. "बऱ्याच दिवसांनी गावी आलाय. गावाजवळच्या टेकडीवर उभा आहे. खाली त्याचं घर दिसतंय, धूर दिसतोय. पण तो खाली जात नाही."

"का?"

"ते कवीनं सांगितलेलं नाही. नोट्समध्ये म्हटलंय की मानवी आत्म्याची..."

"लाजतोय त्यो," चाचा म्हणाले. "कायतरी करून आलाय, आन् घरात सांगायचं हाय. दुसरं काय?"

मी पुन्हा ओळी वाचल्या. तसंच होतं. शब्दाशब्दात तेच होतं, आणि दीड पानाच्या नोट्समध्ये ते कुठंच नव्हतं. माझा चेहरा बघून चाचांनी तार परत हातात घेतली. "तू बी जा खाली. बापाला सांग. दुसऱ्या कुणाला न्हाय कळायचं, त्येला कळंल."

त्यालाच कसं कळेल, हे त्यांनी सांगितलं नाही.

मी नेसरीला गेलो. आबा गोठ्यात वैरण टाकत होते. मी उंबऱ्यावरूनच सांगितलं की मी नापास झालो आहे, यादी लागून महिना होत आला, आणि वेशीतला गुलाल खोटा होता. निकाल नंतर लागतो हे मला तेव्हाच ठाऊक होतं, हेही सांगितलं. सांगताना मी पेंढीकडे बघत होतो.

आबा पेंढीवरच बसले. मला वाटलं आता काठी येणार. आली असती तर सोपं गेलं असतं.

"तुला ठावं हुतं," ते म्हणाले. "आन् हलगी वाजत हुती."

"होय."

"सगळी वरडत हुती. मग बोलवंना झालं."

"होय."

त्यांनी मोडका गुडघा चोळला. मग म्हणाले, "मैदानात माझं बी तसंच झालतं. एकच खांदा टेकलाता त्येचा. पंच पल्याडच्या अंगाला हुता, त्येला दिसलं न्हाय. मला दिसलंतं. म्या सांगणार हुतो. तंवर लोकांनी उचलून घेतला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वीस वर्सं झाली. एकदा बी डोस्क्याला लावला न्हाय त्यो फेटा. तुझ्या डोस्क्याला बांधला, म्हटलं आता तरी खरा हुईल."

आई दारात आली होती. तिनं सगळं ऐकलं असावं. ती तशीच मागं वळून चुलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा मला घेऊन चावडीवर गेले. पाटलाच्या शेजारी बसले नाहीत. उभे राहिले आणि त्यांच्या नेहमीच्या, वेशीपर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाले, "पोरगं पडलंय. बीए झाल्यालं न्हाय. आन् म्या बी त्यो फेटा मारल्याला न्हाय, कुस्ती निकाली नव्हती." आणि सगळी हकीकत सांगितली, खांदा कुठला तेसुद्धा.

कथा-कादंबऱ्यांत अशा प्रसंगी गाव गहिवरतं. आमचं गाव हसलं. पोट धरून हसलं. मला त्यानंतरही बीएच म्हणत राहिले, फक्त म्हणायची तऱ्हा बदलली. म्हशी यायच्या बंद झाल्या. आबा चावडीवर परत खांबाशी बसू लागले, पण जाणं एक दिवसही चुकवलं नाही. मला त्या हसणाऱ्यांचा इतका राग आला की पुढचं वर्षभर त्या रागावरच मी अभ्यास केला. साहेबांना हे कळलं असतं तर त्यांनी डोळे उघडले असते.

चावडीनंतर आठवड्याभरात आबा फेटा घेऊन कोल्हापूरला आले आणि चाचांच्या दुकानात गादीवर ठेवून म्हणाले, "खांदा एकच टेकलाता तुझा."

"ठावं हाय की," चाचा म्हणाले. "पाठ माझीच हुती."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू बोलायची वाट बघत हुतो."

"वीस वर्सं?"

"मला कुठं घाई हुती?"

मी तिथंच कापसात बसलो होतो आणि दोघंही मला विसरले होते. आबा म्हणाले, "घे. तुझा हाय ह्यो." चाचांनी फेट्यावरचा कापूस झटकला, तो फळीवर ठेवला आणि म्हणाले, "माझा बी न्हाय. मी कुठं मारली? ऱ्हाऊ दे हितं. पोराची कुस्ती झाल्याली न्हाय अजून."

वर्षभर तो फळीवर राहिला. त्याच्याखाली बसून मी सगळ्या कविता वाचल्या, मुळातून, आणि प्रत्येकीबद्दल चाचांना सांगितलं. काही त्यांना आवडल्या. एका मोठ्या कवीबद्दल ते म्हणाले की ह्या माणसाला काम नसावं. मला त्यांचं मत पेपरात लिहायचा मोह झाला होता, तो मी आवरला. नोट्स मी वसतिगृहात नव्या मुलांना देऊन टाकल्या. त्यांनी अतिशय आभार मानले.

पुन्हा मुंबई, पुन्हा तेच दालन. परत येताना मी नेसरीला गेलो तेव्हा वेशीत कुत्रंसुद्धा नव्हतं. आबांनी मला पाठमोरा केलं नाही. म्हणाले, "निकाल लागंल त्या दिशी मैदानात मी पायजे."

यादी लागायच्या आदल्या दिवशी ते कोल्हापूरला आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून कॉलेजच्या पायरीवर काठी घेऊन बसले. शेजारी चाचा, अंगभर कापूस, काखेत फेटा. येणारे-जाणारे विद्यार्थी त्यांच्याकडे बघून हसत होते. यादी लागली. मी गर्दीत शिरलो. नाव शोधायला फार वेळ लागला नाही, कारण मी शेवटूनच सुरुवात केली. तिसरा वर्ग, शेवटून चौथा. पदवी इतकी काठावरची होती की जरा धक्का लागला असता तर खाली पडली असती. पण होती. मी यादी तीनदा वाचली आणि कारकुनालाही वाचायला लावली, मोठ्यानं, पायरीपर्यंत ऐकू जाईल अशी.

बाहेर आलो. सांगायला तोंड उघडलं तर नुसतं रडू आलं. या वेळी हलगी नव्हती, गुलाल नव्हता, आणि तरी एक सोपं मराठी वाक्य मला पुन्हा जमलं नाही.

आबांनी विचारलंही नाही. ते काठीवर भार देऊन उठले, माझे खांदे धरून मला पाठमोरा केलं, आणि दोन्ही पात्यांवरून तळहात फिरवला. सावकाश, आधी डाव्या, मग उजव्या. मग परत डाव्या.

"माती न्हाय लागली," ते चाचांना म्हणाले. "बांध."